शंभरातून सात वजा करा : एक प्रश्नावली बल्लभगढला पोचते तेव्हा

सिनॉप्सिस लिहिताना 'टूल्स' नावाचा एक परिच्छेद येतो आणि बहुतेकांचा तो अर्ध्या तासात लिहून होतो. अमुक स्केल वापरणार, मूळ इंग्रजी आहे, मराठी भाषांतर करून घेणार, ते परत इंग्रजीत करून ताडून पाहणार, झालं. आजची पोस्ट त्या परिच्छेदाबद्दल आहे. पण सूचना देण्यापेक्षा एक इतिहास सांगते. टूल म्हणजे नेमकं काय, हे मला मेथडॉलॉजीच्या जाड पुस्तकापेक्षा या इतिहासातून जास्त कळलं.

इतिहास आहे स्मृतिभ्रंशाच्या, म्हणजे डिमेन्शियाच्या चाचण्यांचा. या आजाराची अडचण अशी की ताप थर्मामीटरने मोजता येतो, साखर रक्तातून कळते, पण विसरणं, गोंधळणं, शब्द न सापडणं हे पाहायचं तर माणसाशी बोलावंच लागतं. आता स्कॅन आहेत, रक्ताच्या तपासण्या येताहेत. तरी पहिली पायरी आजही संभाषणाचीच आहे आणि गावोगाव फिरून सर्व्हे करायचा तर संभाषणाशिवाय दुसरं काही हातात नसतं. ज्या बोलण्यातून आजार शोधायचा, ते बोलणंच आजाराने बिघडलेलं असतं. त्यात समोरच्या आजीने शाळेचं तोंड पाहिलेलं नसेल, कानाला कमी येत असेल, डोळ्यांत मोतीबिंदू असेल, तर उत्तर आलं नाही याचा अर्थ काय लावायचा? बिघाड डोक्यात आहे, कानात आहे, की प्रश्नात?

हा प्रश्न डोक्यात ठेवून १९०१ सालात चला. जर्मनीतलं फ्रँकफुर्ट. २५ नोव्हेंबरला ऑगस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची बाई तिथल्या मनोरुग्णालयात दाखल होते. तिला तपासणाऱ्या डॉक्टरचं नाव अलॉइस अल्झायमर. (हो, तेच.) त्यांच्या हस्तलिखित नोंदींची फाईल कित्येक दशकं हरवली होती. ती १९९५ मध्ये फ्रँकफुर्टलाच सापडली आणि १९९७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तिच्यावर लेख आला. त्यात प्रश्नोत्तरं जशीच्या तशी आहेत. नाव काय? ऑगस्ट. आडनाव? ऑगस्ट. नवऱ्याचं नाव? तेही ऑगस्टच, बहुतेक. डॉक्टर पेन्सिल, पेन, पर्स, किल्ली दाखवतात, ती नावं बरोबर सांगते. जेवताना फ्लॉवर आणि डुकराचं मांस खात असते, काय खाताय विचारलं तर पालक म्हणते. स्वतःचं नाव लिहायला सांगितलं तर सुरुवातीचं 'श्रीमती' लिहिते आणि पुढचं विसरते.

त्या फाईलमध्ये मार्क नाहीत हे लक्षात घ्या. अल्झायमरना कुठल्या उत्तराला शून्य आणि कुठल्याला एक द्यायचं नव्हतं. तिने काय म्हटलं ते ते लिहीत गेले. एक गोष्ट मात्र त्यांनी गृहीत धरली होती आणि तिच्यापुरती ती बरोबरही होती: ही बाई लिहू शकत होती, म्हणून न लिहिता येणं हे लक्षण ठरलं. हे गृहीतक पुढच्या सत्तर वर्षांत चाचण्यांच्या पोटात शिरून बसलं.

मार्क आले ते पुढे, इंग्लंडमध्ये ठळकपणे १९६८ मध्ये. न्यूकॅसलच्या ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी रुग्णांना ठरावीक प्रश्न विचारून गुण दिले आणि मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूत सापडलेल्या बदलांशी ते गुण ताडून पाहिले. काम मोलाचं होतं, प्रश्नांची पाळंमुळं मात्र तिथल्याच मातीत. पहिलं महायुद्ध केव्हा झालं? दुसरं केव्हा? राजा किंवा राणी कोण? १९७२ मध्ये हॉडकिन्सन यांनी दहा प्रश्नांची छोटी चाचणी केली. तीत रुग्णाला '४२, वेस्ट स्ट्रीट' हा पत्ता सांगून थोड्या वेळाने तो आठवायला लावतात. १९७० च्या ब्रिटनमधल्या म्हाताऱ्या माणसाला यात अवघड काही नव्हतं. महायुद्ध त्याने भोगलेलं होतं आणि वेस्ट स्ट्रीटसारखा रस्ता त्याच्या गावात होता.

मग १९७५ मध्ये अमेरिकेत मार्शल फोल्स्टाइन, सुझन फोल्स्टाइन आणि पॉल मॅकह्यू यांनी 'मिनी-मेंटल स्टेट एक्झामिनेशन' प्रसिद्ध केली. तीच एमएमएसई. पाच-दहा मिनिटांत होणारी, ३० गुणांची. मूळ पेपरमध्ये २०६ रुग्ण आणि ६३ निरोगी माणसं होती. पुढे ही जगातली बहुधा सगळ्यात जास्त वापरली गेलेली चाचणी झाली आणि २४ च्या खाली गुण म्हणजे शंका घ्यायची, ही रेघ डॉक्टरांच्या डोक्यात पक्की बसली.

तिच्यातले प्रश्न आपल्या गावच्या एखाद्या आजीसमोर बसून वाचतोय असं समजून वाचा. वर्ष कोणतं, ऋतू कोणता, तारीख, वार, महिना. राज्य, जिल्हा, गाव, हॉस्पिटल, कितवा मजला. तीन शब्द ऐकून परत म्हणा. १०० मधून ७ वजा करा, उरलेल्यातून परत ७, असं पाच वेळा. ते जमत नसेल तर इंग्रजी 'वर्ल्ड' हा शब्द उलटा स्पेल करा. मगाचे तीन शब्द सांगा. पेन्सिल आणि घड्याळ ओळखा. 'नो इफ्स, अँड्स ऑर बट्स' हे म्हणा. कागद उजव्या हातात घ्या, घडी घाला, जमिनीवर ठेवा. कागदावर लिहिलंय ते वाचा आणि तसं करा. लिहिलेलं असतं 'डोळे मिटा'. एक वाक्य लिहा. एकमेकांत गुंतलेले दोन पंचकोन पाहून काढा.

आता मोजा: यातले किती गुण स्मरणशक्तीचे आणि किती शाळेचे?

ही शंका स्वतः फोल्स्टाइन यांनाही होती. १९८२ मध्ये ज्या टीमने एका हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डातल्या ९७ रुग्णांवर एमएमएसई तपासली तिचे ते एक लेखक आहेत. चाचणीने ज्यांना आजारी ठरवलं त्यातले ३९ टक्के प्रत्यक्षात आजारी नव्हतेच. आणि हे चुकीने पकडले गेलेले सगळेच्या सगळे नऊ वर्षांपेक्षा कमी शिकलेले होते. 'माझ्या टूलच्या मर्यादा' हा परिच्छेद कसा लिहावा याचा नमुना हवा असेल तर हा पेपर काढून वाचा.

पुढे १९९३ मध्ये क्रम आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १८,०५६ प्रौढांचे गुण वय आणि शिक्षणानुसार मांडले. नऊ किंवा जास्त वर्षं शाळेत गेलेल्यांचा मध्यक २९. पाच ते आठ वर्षं गेलेल्यांचा २६. चार वर्षांपर्यंत किंवा अजिबात न गेलेल्यांचा २२. म्हणजे २४ ची रेघ ओढली तर कमी शिकलेल्या गटातले निम्म्याहून जास्त लोक रेघेखाली. तेही अमेरिकेत, इंग्रजी चाचणीत. भाषांतराचा प्रश्न अजून सुरूसुद्धा झालेला नाही.

इथे थोडं मागे आणि पूर्वेकडे जाऊ, कारण शाळा माणसाच्या उत्तरांचं काय करते हे एकाने फार आधी पाहून ठेवलं होतं. १९३१ आणि १९३२ च्या उन्हाळ्यात अलेक्झांडर लुरिया हा सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ उझबेकिस्तान आणि किर्गिझियातल्या निरक्षर शेतकऱ्यांना प्रश्न विचारत हिंडला. त्याचा एक प्रश्न प्रसिद्ध आहे. उत्तरेला जिथे बर्फ असतो तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात, नोव्हाया झेम्ल्या उत्तरेला आहे आणि तिथे बर्फ असतो, तर तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? अनेकांचं उत्तर साधारण असं असायचं की मी तिथे गेलेलो नाही, न पाहिलेल्या गोष्टीबद्दल कसं बोलू? हातोडा, करवत, ओंडका, कुऱ्हाड यातलं वेगळं कोणतं, असं विचारलं की ते म्हणत, वेगळं काहीच नाही, ओंडक्याशिवाय करवत काय कामाची?

लुरियाने यावरून काढलेले काही निष्कर्ष मला आज पटत नाहीत. 'मागासलेला विचार' आणि 'पुढारलेला विचार' अशी शिडी त्यात डोकावते. पण त्याने टिपलेली उत्तरं अस्सल आहेत. ती चुकीची नाहीत, ती दुसऱ्या संभाषणाची उत्तरं आहेत. विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत आहे आणि तरी तो विचारतोय, हा विचित्र खेळ आपण पहिलीत शिकतो. जो शाळेत गेला नाही त्याला हा खेळ खेळायची गरजच कधी पडलेली नसते. साठ वर्षांच्या माणसाला 'आज वार कोणता' असं अनोळखी मुलीने विचारलं, तर त्याला आधी वाटतं हिला खरंच माहीत नसावं, आणि मग वाटतं ही थट्टा करतेय. लुरियाचं हे काम १९७४ पर्यंत छापलंच गेलं नाही. एमएमएसई त्याच्या पुढच्याच वर्षी आली.

पोर्तुगालमधून आणखी एक धागा येतो. तिथे रेइस, कास्ट्रो-काल्डास आणि सहकाऱ्यांनी निरोगी निरक्षर माणसांचा अभ्यास केला. खरी वस्तू हातात दिली की निरक्षर आणि साक्षर दोघेही सारखंच नाव सांगत. तीच वस्तू रेखाचित्रात दाखवली की निरक्षर मागे पडत. १९९८ च्या पेपरमध्ये दिसलं की अर्थ असलेले शब्द ते नीट परत म्हणत, पण निरर्थक जोडलेले आवाज म्हणताना अडखळत, आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूतली हालचालही साक्षरांपेक्षा वेगळी दिसे. म्हणजे चित्र ओळखणं आणि वाक्य जसंच्या तसं म्हणणं, ही आपल्याला 'नैसर्गिक' वाटणारी कामंसुद्धा शाळेने घडवलेली आहेत.

आता बल्लभगढ. हरियाणातल्या फरीदाबाद जिल्ह्यातलं हे गाव, दिल्लीपासून जवळ; एम्सचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प तिथे १९६० च्या दशकापासून चालतो. १९९० च्या दशकात विजय चंद्रा, मेरी गांगुली आणि त्यांच्या टीमने इथल्या २८ गावांमध्ये भारत-अमेरिका संयुक्त अभ्यास केला. ५५ आणि त्यापुढच्या वयाची ५,१२६ माणसं. त्यातली ७३.३ टक्के निरक्षर. तुलनेसाठी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातली मोनोंगाहेला नदीच्या खोऱ्यातली वृद्ध मंडळी होती, जिथे गांगुली आधीपासून काम करत होत्या.

त्यांच्याकडे दोन सोपे रस्ते होते. एक, एमएमएसईचं सरळ हिंदी भाषांतर करायचं. दुसरा, वाचन-लेखनाचे प्रश्न गाळून उरलेल्या गुणांवर काम भागवायचं. त्यांनी तिसरा धरला: प्रत्येक प्रश्न कशासाठी आहे ते ठरवायचं आणि तेच काम करणारा दुसरा प्रश्न या गावात शोधायचा. भाषांतर, उलट भाषांतर, गावात जाऊन विचारणं, अडकलं की बदल, परत गावात. १९९५ मध्ये हे हिंदी रूप प्रसिद्ध झालं. एचएमएसई म्हणून ते ओळखलं जातं. गुण ३०च.

प्रश्न काय झाले पाहा. वर्ष विचारण्याऐवजी, आत्ता सकाळ आहे, दुपार की संध्याकाळ? एकमजली घरांच्या गावात 'कितवा मजला' कुणाला विचारणार? त्याऐवजी, तुमचं गाव कोणत्या पोस्टाखाली येतं? शंभरातून सातच्या जागी आठवड्याचे वार उलटे म्हणणं. लक्षात ठेवायचे तीन शब्द आंबा, खुर्ची, नाणं. 'नो इफ्स' च्या जागी 'ना हे, ना ते' अशा अर्थाचं छोटं वाक्य. एक वाक्य लिहा याऐवजी तुमच्या घराबद्दल एक वाक्य सांगा. आणि 'डोळे मिटा' हे वाचण्याऐवजी: माझ्या चेहऱ्याकडे बघा, मी करते तसं करा. मग विचारणारी व्यक्ती डोळे मिटते.

मला हा शेवटचा बदल फार आवडतो आणि त्यानेच मला सगळ्यात जास्त त्रासही दिलाय. आवडतो, कारण इथे प्रश्न कागदावरून उठून माणसाच्या चेहऱ्यावर आला. त्रास यासाठी की वाचून आज्ञा पाळणं आणि बघून नक्कल करणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यात अक्षरावरून अर्थ, अर्थावरून कृती. दुसऱ्यात अक्षर नाहीच आणि भाषाही जेमतेम. मग दोन्हीला एकच गुण कसा? प्रामाणिक उत्तर असं की तो सारखा नाही. भाषांतरात शब्द राखले तर मोजायची गोष्ट हातची जाते आणि ती राखायला प्रश्न बदलला तर तुलना सैल होते. ही ओढाताण कुठल्याही टूलमध्ये असते. बल्लभगढच्या टीमने ती लपवली नाही, म्हणून त्यांचा पेपर वाचायचा.

मराठीत आलात तर प्रत्येक पायरीवर अशी ओढाताण दिसेल. 'नो इफ्स, अँड्स ऑर बट्स' याला आपल्याकडे घरोघरी ऐकू येणारा जोडीदार आहे, 'पणबिण काही नाही'. अर्थ चोख बसतो. पण मूळ वाक्य निवडलं गेलं ते जिभेला अडखळवणाऱ्या छोट्या शब्दांची रांग म्हणून. आपलं वाक्य इतकं सरावाचं आहे की तोंड ते आपोआप म्हणून टाकेल. 'वर्ल्ड' उलटं करायचं तर त्यात पाच अक्षरं आहेत. 'जगत' घेतलं तर तीनच. 'दुनिया' घेतलं तर 'यानिदु' म्हणायचं, की मात्रा वेगळ्या काढायच्या? देवनागरीत अक्षर म्हणजे काय हेच आधी ठरवावं लागेल. तारखेचं तर विचारूच नका. आजीने '१७ तारीख' न सांगता 'आज वद्य पंचमी, परवा सप्तमी' असं बिनचूक सांगितलं, तर तिला काळाचं भान आहे की नाही? गुणपत्रिकेत तिथीला रकाना नसेल तर शून्य पडतं, आणि ते शून्य आजीचं नसतं.

बल्लभगढला आणखी एक गाठ होती. नुसते गुण कमी आले म्हणून डिमेन्शिया म्हणता येत नाही, रोजच्या जगण्यात अडचण येतेय हेही दाखवावं लागतं. पाश्चात्त्य प्रश्नावल्या यासाठी विचारतात: फोन वापरता येतो का, चेकबुक सांभाळता येतं का, खरेदी, स्वयंपाक? ज्या घरात सुना-नातवंडं सगळं हातात देतात, तिथे म्हातारा माणूस यातलं काहीच करत नाही, आणि त्यात कुणाला वावगंही वाटत नाही. म्हणून याच टीमने ११ प्रश्नांचं वेगळं स्केल बनवलं, जे १९९९ मध्ये छापून आलं. त्यात घरच्यांना विचारायचं: होळी-दिवाळीसारखे सण लक्षात राहतात का? सांगितलेला निरोप नीट पोचवतात का? गावात वाट चुकतात का? लग्नासारख्या गोष्टीत मत देतात का? मला विचाराल तर एचएमएसईपेक्षाही हे काम मोठं आहे. घरातल्या वृद्ध माणसाकडून आपण नेमकी काय अपेक्षा ठेवतो, हे आधी शोधल्याशिवाय असे प्रश्न सुचत नाहीत.

निकाल १९९८ मध्ये आले. ६५ आणि त्यापुढच्या वयात डिमेन्शियाचं प्रमाण १.३६ टक्के. अल्झायमरचं १.०७ टक्के. जगात कुठेही नोंदलेल्या सगळ्यात कमी आकड्यांमध्ये हे बसतात. नवीन रुग्णांचा दर २००१ मध्ये आला: अमेरिकेच्या लोकसंख्येच्या रचनेवर बसवून दरवर्षी हजारी ४.७, मोनोंगाहेलामध्ये सुमारे १७.५. त्याच वर्षी मुंबईतून आलेल्या एका सर्व्हेत ६५ पुढच्यांमध्ये २.४४ टक्के प्रमाण होतं, पण ती पद्धत वेगळी, शहर वेगळं.

आता तुम्ही रिव्ह्यूअर आहात असं समजा. पहिली शंका कोणती घ्याल? प्रश्न इतके सोपे केले की आजारी माणसंही पास झाली. रास्त शंका. टीमने स्वतः इतर कारणंही मांडली: आयुर्मान कमी, आजार झाल्यावर जगण्याचा काळ कमी, पाठपुराव्याचा काळ थोडा. शिवाय अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या एपीओई-४ या जनुकरूपाचं प्रमाण बल्लभगढला मोनोंगाहेलापेक्षा कमी निघालं, साधारण ०.०७ विरुद्ध ०.११. त्यामुळे आकडा खरा असूही शकतो. पण नुसतं टूल बघून ते ठरत नाही.

ही शंका किती खोल जाते ते दहा वर्षांनी दिसलं. १९९८ मध्ये कोचीला झालेल्या परिषदेत '१०/६६' नावाचा संशोधकांचा गट उभा राहिला. डिमेन्शियाचे दोन तृतीयांश रुग्ण गरीब-मध्यम देशांत, आणि त्यांच्यावर होणारं संशोधन दहा टक्क्यांहून कमी, असा त्या नावाचा अर्थ. २००८ मध्ये त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये दाखवलं की अमेरिकन मानसोपचाराच्या निकषांनी मोजलं तर डिमेन्शियाचं प्रमाण ग्रामीण भारतात ०.३ टक्के येतं आणि क्यूबात ६.३ टक्के. याच गटाने कमी शिक्षण आणि संस्कृतीचा फरक धरून बनवलेल्या स्वतःच्या निकषांनी मोजलं तर सगळ्या देशांतले आकडे वर जातात आणि जवळ येतात, ५.६ ते ११.७ टक्क्यांच्या दरम्यान. म्हणजे गोंधळ नुसता रुग्णाच्या उत्तरात नव्हता, घरच्यांच्या उत्तरातही होता. 'रोजच्या कामात अडचण येते का?' 'छे, त्यांना कुठे काही करायचं असतं!' साठी बुद्धी नाठी असं म्हणून जे घर हसून सोडून देतं, त्या घराला आजार दिसलेला असतो, पण ते त्याला आजार म्हणत नाही. आणि 'आजार' हाच शब्द वापरून विचारलं तर उत्तर नाही असंच येणार.

कान-डोळ्यांकडे हा सगळा इतिहास उशिरा वळला. खरं तर १९७५ च्या सूचनांमध्ये एक शहाणी तरतूद आहे. तीन शब्द आधी परत म्हणवून घ्यायचे, न जमल्यास सहा वेळांपर्यंत पुन्हा सांगायचे. तरीही जमले नाहीत तर थोड्या वेळाने 'आठवा' असं विचारण्यात अर्थ नाही, कारण जे आत गेलंच नाही ते बाहेर कसं येणार? घाईच्या ओपीडीत ही पायरी पटकन उरकली जाते, आणि आजीने 'नाणं' च्या जागी 'गाणं' ऐकलं असेल तर पाच मिनिटांनी तिचा एक गुण जातो. फाईलमध्ये लिहिलं जातं स्मृतीचा दोष. पंखा बंद करून, समोर बसून, ओठ दिसतील असं बोलणं हा प्रोटोकॉलचा भाग आहे. तो लिहून ठेवलेला नसेल तर दोन मुलाखतकारांचे आकडे कधीच जुळणार नाहीत. दृष्टी नसलेल्यांसाठी लाइपझिगच्या एका टीमने २००२ मध्ये डोळ्यांवर अवलंबून असलेले प्रश्न वगळून एमएमएसई तपासली. लंडनमध्ये २०१५ मध्ये ब्रिटिश खुणांच्या भाषेतच बांधलेली चाचणी आली, कारण खुणांच्या भाषेला तिचं स्वतःचं व्याकरण आहे आणि दुभाष्या बसवून बोलीव इंग्रजी प्रश्न विचारले की परत तोच घोटाळा: चुकलं कोण, रुग्ण की दुभाष्याचं वाक्य?

जाता जाता एक कोरडी पण कामाची गोष्ट. एमएमएसई बरीच वर्षं फुकट फोटोकॉपी होत होती. २००१ पासून तिचे हक्क एका अमेरिकन प्रकाशन कंपनीकडे आहेत आणि वापरायला परवानगी लागते. सिनॉप्सिसमध्ये तिचं नाव घालण्याआधी हे बघा, नाहीतर एथिक्स कमिटीत अडकाल.

आपल्याकडे आयसीएमआरने बहुभाषिक चाचण्यांचा संच बांधला, तो शिक्षण आणि भाषा दोन्ही धरून. त्याच्या पहिल्या पाच भाषा हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. त्यांत मराठी नाही. पीएचडीसाठी विषय शोधत असाल तर ही ओळ दोनदा वाचा.

एचएमएसई मात्र हरियाणाबाहेर पडली. देशभरातल्या वृद्धांच्या लासी-डॅड या अभ्यासात ती वापरली गेली. ६० आणि त्यापुढच्या वयाची ४,०९६ माणसं, आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक. प्रमाण स्त्रियांमध्ये जास्त, खेड्यांत जास्त, शाळेत न गेलेल्यांमध्ये जास्त. हे वाचून तुम्ही लगेच विचारलं पाहिजे की यातलं किती आजाराचं आणि किती शाळेचं. तिथे नुसत्या गुणांवर निदान केलेलं नाही. प्रत्येक माणसाच्या जवळच्या व्यक्तीची मुलाखत घेतली गेली, आणि त्यातल्या अडीच हजारांहून जास्त माणसांची सगळी माहिती तज्ज्ञ डॉक्टरांनी स्वतंत्रपणे वाचून ठरवलं. तरीही शाळा न मिळाल्याने मेंदू खरोखर जास्त उघडा पडतो, की आपण विचारतोच शाळेच्या भाषेत, या दोन शक्यता त्या आकड्यात अजून एकत्रच आहेत. त्या वेगळ्या करायच्या तर परत कुणाच्या तरी ओसरीवर बसून, आंबा, खुर्ची, नाणं असं सावकाश म्हणून, समोरचा माणूस काय म्हणतो ते शब्दशः लिहून घ्यावं लागेल, अल्झायमरांनी लिहून घेतलं होतं तसं.